इंद्रभुवनाकडे मान वर करून बघितलं त्या दिवशीची गोष्ट

वडील जाऊन आता वर्ष होत आलं तरी घराच्या टॅक्स पावतीवर त्यांचंच नाव चालू होतं. आई रोज आठवण करायची, "जाऊन ये की रे एकदा महापालिकेत," आणि मी आज जातो उद्या जातो करत आठ महिने काढले. शेवटी एका मंगळवारी सुट्टी टाकली, सगळी कागदं प्लॅस्टिकच्या फाइलीत कोंबली आणि गेलो. खिडकीवरच्या मॅडमनी एकेक कागद उलटून बघितला आणि शांतपणे विचारलं, मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स? ओरिजिनल होता, झेरॉक्स नव्हती. चूक शंभर टक्के माझी, आदल्या रात्री आईने दोनदा विचारलं होतं सगळं घेतलं का म्हणून आणि मी मोबाईल बघत बघत हो हो करून सोडलं होतं. बाहेर जाऊन झेरॉक्स काढून आणेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली. फोनची बॅटरी पण बोंबललेली. आता करायचं काय, सावली बघून बसलो आणि टाइमपास म्हणून वर बघितलं.

आणि खरं सांगतो, सेहेचाळीस वर्षं सोलापुरात काढली, या आवारात किती वेळा आलो असेन त्याचा हिशोब नाही, जन्माचा दाखला म्हणू नका, नळाचं काम म्हणू नका, कुणाच्या तरी मोर्चाला म्हणू नका, पण इंद्रभुवन नीट बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. खांब, कमानी, गॅलऱ्या, त्यावरची नक्षी, मूर्ती, कुठेही नजर टाका मोकळी जागा म्हणून सापडत नाही. बांधणाऱ्याने भिंतीला कुठे श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही बघा. आमच्याकडे लग्नात नवरीची आई जसं सगळेच दागिने एकदम घालून येते तसं काहीतरी. आणि तरीही चांगलं दिसतं, ते कसं काय ते मला कळलं नाही.

मी असा मान वाकडी करून बघत होतो तेव्हा तिथले वॉचमन मामा जवळ आले. "काय बघायलात वर? मधमाशांचं पोळं हाय का?" मी म्हटलं नाही मामा, बिल्डिंग बघतोय. त्यांनी पण एकदा वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि "पाव्हणे हाव का, कुठलं गाव?" असं विचारलं. म्हणजे सोलापूरचा माणूस ही बिल्डिंग बघत उभा राहू शकतो हे त्यांच्या हिशोबातच नव्हतं. मी मुरारजी पेठेतला म्हटल्यावर हसायला लागले.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंद्रभुवन म्हणजे सोलापूर महानगरपालिकेची मुख्य इमारत, पत्ता रेल्वे लाईन्स. बांधली मल्लप्पा वारद यांनी, ज्यांना सोलापुरात सगळे अप्पासाहेब वारद म्हणून ओळखतात, मोठं व्यापारी घराणं. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातलं काम आहे. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे ऑफिस म्हणून बांधलेलंच नाही. हा वाडा आहे, राहायचं घर. मुंबईला व्हीटी स्टेशनसमोर महापालिकेची जी इमारत आहे ती १८९३ ची, ती महापालिकेसाठीच बांधली, इंग्रज आर्किटेक्ट एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने, ज्याने समोरचं स्टेशन पण बांधलं. तिच्याकडे बघितलं की सरकारी रुबाब कळतो, शहराने ठरवून स्वतःसाठी बांधलेलं दिसतं. आमच्याकडे उलटं. आमच्या शहराचा कारभार कुणाच्या तरी घरात जाऊन बसला. जिथे शेठच्या घरातली माणसं उठली बसली असतील त्या वास्तूचं नाव आज आपण टेंडर नोटिशीवर वाचतो. मला ते का कोण जाणे फार आवडलं. माझ्या हातातल्या फाइलीत पण घराचीच कागदं होती ना.

नाव पण बघा काय ठेवलं, इंद्रभुवन. इंद्राचा महाल. लहानपणी बाबा म्हणायचे "इंद्रभुवनात जाऊन येतो" आणि मला वाटायचं ते खरंच देवाकडे जातात, मग संध्याकाळी घामाघूम होऊन हातात टॅक्सची पावती घेऊन यायचे.

आता हा वाडा इथेच का, म्हणजे गावात कसब्यात किंवा बाळीवेशीकडे का नाही, तर त्याचं उत्तर एरियाच्या नावातच आहे. रेल्वे लाईन्स. सोलापुरात रेल्वे आली १८६० साली, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची, मुंबईहून दक्षिणेकडे जाणारी लाईन. जुनं गाव किल्ल्याच्या आणि तळ्याच्या आजूबाजूला, पेठांमध्ये. स्टेशन आलं ते गावाबाहेर. मग स्टेशन आणि गाव यांच्या मधली जी मोकळी जागा होती ती हळूहळू बंगल्यांनी, कचेऱ्यांनी, गिरण्यांनी भरत गेली. कापसाची गाठ आत येणार रेल्वेने, कापड बाहेर जाणार रेल्वेने, पैसा पण त्याच रस्त्याने येणार. मग ज्याच्याकडे पैसा तो तिथेच बांधणार, साधा हिशोब आहे.

गिरण्यांचं सांगितल्याशिवाय सोलापूरच्या कुठल्याच बिल्डिंगची गोष्ट पुरी होत नाही. पहिली गिरणी सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, १८७७ ची, मुरारजी गोकुळदासांची. त्यांच्याच नावाने आमची मुरारजी पेठ. गिरणीला मात्र सोलापुरात कुणी ते लांबलचक नाव घेऊन बोलत नाही, ती 'जुनी मिल'. नंतर नरसिंग गिरजी मिल, लक्ष्मी मिल, विष्णू मिल, जाम मिल अशा एकामागे एक आल्या, म्हणून तिचं नाव आपोआप जुनी पडलं. आणि १८७७ हे साल पण लक्षात घ्या, १८७६ ते ७८ चा जो महाभयंकर दुष्काळ पडला त्याच्या ऐन मधलं. आपला जिल्हा त्यात होरपळून निघाला होता. गावोगावची उपाशी माणसं एकीकडे आणि नवी गिरणी दुसरीकडे, मजूर कुठून आले असतील हे वेगळं सांगायला नको. शिवाय तेलंगणातनं पद्मशाली विणकर आले, त्यांनी पूर्व भाग वसवला, हातमाग लावले, नंतर पॉवरलूम, आणि ज्या सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ती चादर त्यांच्याच हातची.

माझे आजोबा जुन्या मिलमध्ये होते, स्पिनिंगला. त्यांचा पितळी बिल्ला अजून आमच्या घरी बिस्किटाच्या डब्यात आहे. ते भोंग्याबद्दल फार बोलायचे. पहिला भोंगा झाला की उठायचं, दुसऱ्याला घराबाहेर, तिसऱ्याला गेटच्या आत. आजी म्हणायची गावात घड्याळ कुणाकडेच नव्हतं आणि कुणाला लागत पण नव्हतं. मी लहान असताना जुनी मिल बंद होऊन जमाना झाला होता पण बाकीच्या गिरण्यांचे भोंगे मी ऐकलेत, आणि आता लक्ष्मी विष्णू पण नाही आणि नरसिंग गिरजी पण नाही. चिमण्या तेवढ्या दिसायच्या लांबून.

याच जुन्या मिलची एक गोष्ट मला भाचीकडून कळली, ती लॉ करते. एके दिवशी फोन केला, "मामा, आपल्या जुन्या मिलवर आम्हाला परीक्षेत प्रश्न येतो माहितीय का?" मला वाटलं मस्करी करतेय. तर झालं होतं असं की १९४९ मध्ये गिरणी मालकांनी बंद केली, हजारो कामगार रस्त्यावर. मग १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला आणि त्याचा पुढे कायदा केला, फक्त या एका गिरणीसाठी. एका कंपनीसाठी देशाच्या पार्लमेंटमध्ये कायदा! मग एक शेअरहोल्डर सुप्रीम कोर्टात गेला, चिरंजितलाल चौधरी, की हे समानतेच्या हक्काविरुद्ध आहे, एकट्या आमच्याच कंपनीला का. १९५० च्या डिसेंबरमध्ये तो हरला. राज्यघटना लागू होऊन वर्ष पण झालं नव्हतं. नंतर दुसरा शेअरहोल्डर गेला, द्वारकादास श्रीनिवास, त्याच्या केसमध्ये १९५३ ला कोर्टाने सरकारच्या विरुद्ध निकाल दिला की नुकसानभरपाई न देता तुम्ही असं हातात घेऊ शकत नाही. मग १९५५ ला चौथी घटनादुरुस्ती झाली तिच्यामागे जे निकाल होते त्यातला हा एक. म्हणजे आजोबा ज्या गेटमध्ये बिल्ला दाखवून शिरायचे ते गेट पार राज्यघटनेत जाऊन पोचलं आणि आजोबांना याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी त्या सगळ्या प्रकरणाचं नाव 'मिल बंद पडली तेव्हा' एवढंच.

असो, मी कुठल्या कुठे गेलो. इंद्रभुवनावर परत.

वॉचमन मामांनी आता माझ्याशी गप्पाच सुरू केल्या होत्या. त्यांनी विचारलं, झेंड्याचं माहितीय का. मी म्हटलं मामा सोलापूरच्या पोराला झेंड्याचं माहीत नसेल तर त्याचं रेशनकार्ड जप्त केलं पाहिजे. पण सांगा, तुमच्याकडनं ऐकतो.

झेंड्याचं म्हणजे ६ एप्रिल १९३०. गांधीजी दांडीला ज्या दिवशी मीठ उचलतात त्याच दिवशी इकडे सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा चढवला गेला, पुण्याहून आलेल्या अण्णासाहेब भोपटकरांच्या हस्ते. नगरपालिकेच्या इमारतीवर असा झेंडा लावणारी देशातली पहिली नगरपालिका आमची, असं आम्ही सोलापूरकर येईल त्याला सांगतो, कुणी विचारो न विचारो. नगरपालिका पण काही कालची नव्हे, १८५० चा जो नगरपालिकांचा कायदा झाला त्याच्या पाठोपाठ त्याच दशकात इथे स्थापन झालेली, म्हणजे रेल्वेच्या पण आधीची. आता विचार करा, नगरपालिका म्हणजे काय, तर इंग्रजांच्या कायद्याने चालणारी, इंग्रज कलेक्टरच्या नजरेखालची संस्था, दिवाबत्ती गटार झाडलोट बघायची. तिने आपल्याच डोक्यावर दुसऱ्या राज्याचा झेंडा लावला. क्रांतिकारकाने लावला असता तर समजू शकतो, इथे झाडलोट बघणाऱ्या खात्याने लावला, हीच खरी गंमत आहे.

त्याच्यानंतर महिन्याभरात जे झालं त्याला सोलापुरात आजही इंग्रजी नावच आहे, मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा. आमच्या आजीच्या तोंडात मार्शला असा शब्द होता, मार्शलाच्या वर्षी अमक्याचा जन्म झाला अशा हिशोबाने ती वयं सांगायची. गांधीजींना ४ मेच्या रात्री अटक झाली, ती बातमी आली आणि गाव पेटलं. ८ मेला रूपाभवानीच्या देवळाकडे लोक शिंदीची झाडं तोडायला गेले, दारूबंदीचा कार्यक्रम म्हणून, तिथे धरपकड झाली, मग कलेक्टर नाइट आणि पोलिसांसमोर जमाव, गोळीबार, आणि शंकर शिवदारे नावाचा तरुण गेला. सोलापूरचा पहिला हुतात्मा. त्यानंतर लोक आवरेचनात. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले. आणि मग ९, १० आणि ११ मे, गावात इंग्रजांचं राज्य म्हणून काही उरलंच नाही. पोलीस गायब. स्वयंसेवक रस्त्यावर उभे राहून व्यवस्था बघत होते. १९४७ च्या सतरा वर्षं आधी तीन दिवसांचं स्वराज्य.

मग लष्कर आलं. १२ मेपासून मार्शल लॉ, जूनच्या शेवटापर्यंत. झेंडा धरायचा नाही, गांधी टोपी घालायची नाही. डॉक्टर अंत्रोळीकर, रामकृष्ण जाजू, तुळशीदास जाधव अशी सगळी पुढारी मंडळी यात होती. आणि मंगळवार पेठेच्या प्रकरणात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१, येरवडा. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. ही चार नावं एकापाठोपाठ एक मोठ्याने म्हणून बघा. लिंगायत, मारवाडी, मराठा, मुसलमान. सोलापूरची जनगणनाच जणू. ठरवून कमिटी नेमून निवडले असते तरी इतकं जमलं नसतं.

त्यांचे चार पुतळे आहेत, त्या चौकालाच चार पुतळे म्हणतात. रिक्षावाल्याला नुसतं "चार पुतळे" म्हणायचं, तो मीटर टाकत नाही तो भाग वेगळा, पण बरोबर नेऊन सोडतो. मी कॉलेजला असताना त्या पुतळ्यांच्या बाजूला रोज सिटी बसची वाट बघितली आणि तेव्हा मला विचारलं असतं की चौघांची नावं सांग तर दोन सांगितली असती. कॉलेजात असताना आपण नेमकं काय करत होतो कुणास ठाऊक.

त्या चौकाच्या आसपास दहा मिनिटं पायी फिरलं तर सोलापूरचा सगळाच इतिहास पायाखाली येतो. इकडे पार्क चौक, बाबासाहेबांचा पुतळा, पार्क मैदान म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियम जिथे आम्ही पासवर रणजीची मॅच बघितली आणि मॅचपेक्षा जास्त बाहेरची भेळ खाल्ली. हुतात्मा स्मृती मंदिर, म्हणजे नाटक बघायची जागा. पलीकडे भुईकोट किल्ला, बहामनी काळापासूनचा, ज्याला १८१८ च्या मे महिन्यात जनरल मन्रोने वेढा घालून घेतलं आणि पेशवाईचं इथलं उरलंसुरलं संपलं. मे महिना सोलापूरला कधी लाभत नाही असं दिसतं, ऊन तर विचारूच नका, त्रेचाळीस चव्वेचाळीसला पारा जातो, १८१८ पण मे, १९३० पण मे. गोऱ्या सोजिरांनी त्या उन्हात लोकरीचे डगले घालून कसा वेढा घातला असेल हा प्रश्न मला किल्ल्यात गेलो की हमखास पडतो.

किल्ल्याला लागून तळं आणि तळ्यात सिद्धेश्वर. आमचा ग्रामदेव. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर, शरण म्हणजे लिंगायत संत, वचनं लिहिणारे, गावाभोवती अडुसष्ट लिंगं स्थापन केली आणि तळं खोदलं. म्हणजे पाण्याची सोय बघणारा सोलापूरचा पहिला माणूस तोच म्हणायला हरकत नाही. नंतर इंग्रजांनी एकरुखचा तलाव बांधला हिप्परग्याला, तिथनं गावाला पाणी आणलं, आणि आता उजनी. पाणी हा विषय सोलापुरात काढायचा नसतो, काढला की संपत नाही, म्हणून इथेच थांबतो.

पण एक गोष्ट मला त्या झाडाखाली बसल्यावर लक्षात आली. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, होम मैदानावर महिनाभर पाळणे, मौत का कुआँ, खाजा, चिक्की, धूळ. सात नंदीध्वज म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, संक्रांतीच्या वेळेला देवळापाशी संमती कट्ट्यावर सिद्धेश्वराच्या लग्नाचा अक्षता सोहळा, सगळं गाव पांढऱ्या बाराबंदीत. त्याची सुरुवात साधारण १३ जानेवारीला अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकाने होते. आणि फाशी झाली १२ जानेवारीला. म्हणजे १९३१ साली येरवड्यातनं ती बातमी सोलापुरात पोचली असेल तेव्हा गावात नंदीध्वज सजवायचं काम चालू असणार, घरोघरी बाराबंद्या धुवून वाळत पडल्या असणार. त्या वर्षी संमती कट्ट्यावर कुणाच्या तोंडात काय होतं हे कुठे वाचायला मिळालं तर मी आख्खी रात्र जागून वाचेन. आज पण १२ तारखेला सकाळी चार पुतळ्यांना हार पडतात आणि दुसऱ्या दिवशी गाव यात्रेत. आम्हाला त्याची इतकी सवय झालीय की दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात येतात हे कुणी बोलत पण नाही.

बरं, महापालिका. नगरपालिकेची महानगरपालिका झाली १ मे १९६४ ला. त्यानंतर गाव वाढत वाढत गेलं, हद्दवाढ झाली, आणि हद्दवाढ हा आमच्याकडे एरियाचाच प्रकार झाला, "कुठे राहता?" "हद्दवाढमध्ये." २०११ च्या जनगणनेला साडेनऊ लाख लोक. जुन्या माणसांच्या तोंडात अजून कौन्सिल हॉल आहे, "कौन्सिल हॉलला उतरा" असं सिटी बसमध्ये ऐकलंय मी. या आवारात उभं राहिलं की सोलापूर कानाने कळतं. त्या एका तासात माझ्या आजूबाजूला दोन बायका तेलुगूत कुणाची तरी उणीदुणी काढत होत्या, एक काका फोनवर कन्नडमध्ये ओरडत होते, दोन पोरं आपल्या त्या दखनी हिंदीत "क्या बे, कब आया" करत होती, आणि या सगळ्यांनी खिडकीपाशी गेल्यावर मात्र मराठीत विचारलं, मॅडम माझं झालं का. पुण्याच्या माणसाला आमची मराठी ऐकून हसू येतं, "काय करायलास बे" म्हटलं की ते बघत बसतात, पण चार भाषा एका पोटात घालून चालायचं म्हटल्यावर एवढं तर होणारच.

मधल्या काळात या बिल्डिंगची रयाच गेली होती. माझ्या लहानपणीचं इंद्रभुवन मला आठवतं ते कळकट, वायरी लोंबणाऱ्या, कपाटांवर फायलींची गाठोडी, कबुतरं. वर नक्षी आहे हे दिसतच नव्हतं, म्हणून मी बघितलं नाही असा माझा बचाव आहे. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी आली त्यात सोलापूर होतं, आम्हालाच खरं वाटेना. स्मार्ट सिटीवर सोलापुरात जेवढे जोक झाले तेवढे कशावर झाले नसतील, त्यातले निम्मे मीच फॉरवर्ड केलेत. पण त्यातनं इंद्रभुवनाच्या जतनाचं काम झालं आणि ते मात्र चांगलं झालं हे माझं मत आहे, कुणाला वाद घालायचा असेल तर आधी जाऊन मान वर करून बघा मग बोलू. जुन्या बिल्डिंगला ऑइल पेंट मारून टाकणं म्हणजे रिपेअर असं आपल्याकडे समजतात, तसं इथे झालं नाही. नक्षी परत नक्षी दिसायला लागली.

तरी एक खटकतं. इंद्रभुवनात कुणी बघायला येतच नाही. भैय्या चौकात डॉक्टर कोटणीसांचं स्मारक आहे, द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे, १९३८ ला चीनला गेले जखमींवर उपचार करायला आणि १९४२ ला तिकडेच वारले. त्या स्मारकाला चीनमधनं पाहुणे येतात आणि मुरारजी पेठेतला माणूस गेलेला नसतो. मी स्वतः एकदाच गेलोय, ते पण बाहेरगावचे पाहुणे आले म्हणून. चादर पण आपण पाहुण्यांना द्यायलाच घेतो की.

सुट्टी संपली, खिडकी उघडली. मॅडमनी झेरॉक्स घेतली, ओरिजिनलशी ताडून बघितली, शिक्का मारला, पोच दिली. पाच मिनिटांचं काम. निघताना मामांना म्हटलं येतो, तर म्हणाले, "आता झालं नव्हं काम, परत कशाला येता." मग स्वतःच वर बघून म्हणाले, "पंधरा ऑगस्टला या रात्री, लायटिंग बघायला. तेव्हा झक्कास दिसतंय."

घरी आल्यावर आईला पोच दिली. तिने चष्मा लावून आधी नाव बरोबर आहे का बघितलं, वेलांटी तपासली, मग पोच बिस्किटाच्या डब्यात आजोबांच्या बिल्ल्यावर ठेवली आणि झाकण दाबलं. मी म्हटलं आई, इंद्रभुवन काय भारी झालंय माहितीय का, पंधरा ऑगस्टला तुला घेऊन जातो लायटिंग बघायला. ती म्हणाली, "टॅक्स भरायच्या ठिकाणी लायटिंग बघायला जातं होय रे कुणी?" मग भाकरी थापता थापता जरा वेळाने तिनेच परत विषय काढला की लग्न होऊन आली तेव्हा स्टेशनवरनं टांग्यात येताना बाबांनी तिला लांबनं दाखवलं होतं, ते बघ इंद्रभुवन, आत नेतो एकदा म्हणाले होते. कधी नेलं नाही. टॅक्स भरायला तेच एकटे जायचे.

"पायऱ्या किती हायत तिथं?" तिने विचारलं. गुडघ्यांमुळे ती हल्ली कुठेही जायच्या आधी हेच विचारते.

तासभर त्या बिल्डिंगकडे बघत बसलो होतो आणि पायऱ्या काही मोजल्या नव्हत्या.